सिग्नल अडवणारं घर

टेकडीवरच्या दवाखान्यापर्यंत गावातल्या टॉवरवरून बिनतारी इंटरनेट पोचवायचं काम तिचं. घरोघरच्या वायफायमुळे हवेत सिग्नलची आधीच रेटारेटी होती, त्यात आठवडाभर रोज संध्याकाळी दवाखान्याचं नेट पार झोपायचं. डॉक्टर वैतागले होते आणि साहेब तर हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

शेवटी ती हातात अँटेना घेऊन गल्लोगल्ली फिरली. अडथळा आणणारा सिग्नल वाढत वाढत नेमका तिच्या थोरल्या बहिणीच्या दारात सापडला.

आत भावोजी एका छोट्या बिनतारी कॅमेऱ्यासमोर आडवे पडून जीव तोडून "ट्यांहां, ट्यांहां" करत होते. स्वयंपाकघरात ताई हातातल्या स्पीकरला कान लावून ओरडत होती, "येतंय ऐकू. आता जरा हळू रडून बघा."

"ताई, तुमच्या या खेळण्यापायी माझी नोकरी जायची वेळ आलीय," ती म्हणाली.

ताईला हसू आवरेना.

"बाळावर लक्ष ठेवायचा कॅमेरा आहे तो, मावशीबाई. बाळाला यायला अजून सहा महिने आहेत, पण त्याच्या बाबांना कुठला दम निघतोय!"