चाबकाचं दुसरं टोक

“अहो, त्या घोड्याला गप करा कुणीतरी!” गोटीराम फोटोवाला ओरडला. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला की पाखऱ्या नेमकी मान झटकायचा. “मला अजून पंचवटीत पोचायचंय!”

गंगापूर रोडच्या मैदानात शर्यतीची धूळ अजून बसायची होती. काळू टांगेवाला उन्हाळ्यात काविळीनं गेला. त्याच्या बायकोला मदत म्हणून टांगेवाला मंडळानं ही शर्यत ठेवली होती. टांगे पळाले, बक्षिसं वाटून झाली, आणि आता राहिला होता एवढा एक फोटो. मंडळाचे अध्यक्ष धोंडीरामशेठ काळूच्या बायकोला, झुंबरबाईला, शिलाई मशीन देताहेत आणि मागं काळूचा घोडा पाखऱ्या टांग्याला जुंपून उभा आहे, असा. उद्या तो पेपरात द्यायचा होता.

गोटीरामचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंचवटीत संध्याकाळी म्हाताऱ्यांना फुकट चष्मे वाटायचे होते आणि तिथलेही फोटो त्यालाच काढायचे होते. त्यासाठीचा कोरा रोल पिशवीत होता. ऊन उतरत चाललं होतं. पुण्य करणाऱ्या मंडळींना आपापसांत वार वाटून घ्यायला काय होतं, देव जाणे!

“शेठ, मशीनवर हात ठेवा. बाई, तुम्हीपण.”

शेठनी लगेच हात ठेवला, मान जराशी वळवली आणि हसले. त्यांना काही सांगावं लागत नसे. सत्कार असो, पाणपोई असो, कुणी काहीही पुढं केलं की त्याचं एक टोक धरायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, हे त्यांच्या हाताला पाठच झालं होतं.

झुंबरबाईचा हात पदराखालीच राहिला.

“मशीन नको मला,” ती म्हणाली. “मला शिवता येत नाय. टांगा येतो. आत्ता पाखऱ्याला इथवर हाकत कुणी आणला? मीच ना? मालकांचा कारंज्यावरचा नंबर मला द्या.”

कारंज्यावरच्या टांगा स्टँडात उभं राहायचं तर नंबर लागतो. नंबर नाही तर सवारी नाही, मग घोडा घरी बांधून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. आणि नंबर द्यायची रीत जुनी होती. अध्यक्षानं चारचौघांत चाबूक हातात द्यायचा. एकदा दिला की दिला, मग तो काढून घ्यायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. आजही लाल फीत बांधलेला चाबूक टेबलावर मशीनशेजारी ठेवलेलाच होता. काळूचा नंबर शेठच्या भाच्याला, वाळूला, मिळणार होता. वाळू नवी टोपी घालून मागंच उभा होता.

“बाईमाणूस स्टँडवर उभं राहणार? काहीतरीच!” शेठ हसू न मोडता म्हणाले. “आधी फोटो होऊ दे. मग बघू.”

“बघू म्हंजी?”

“बघू म्हणजे बघू. हो म्हणतोय ना मी?”

झुंबरबाईनं हे ‘बघू’ काळूच्या दहाव्याला ऐकलं होतं. नंतर शेठच्या ओट्यावरही ऐकलं होतं. ती एकदम गोटीरामकडं वळली.

“भाऊ, फोटोत बोललेलं दिसतं का हो?”

“नाही हो बाई!” गोटीराम कातावला. “फोटोत हातात असेल तेवढंच दिसतं. आता तेवढा हात ठेवा आणि मला सोडा!”

“हातात असंल तेवढंच,” ती म्हणाली.

तिनं पदराखालून हात काढला. तो मशीनवर गेला नाही. तिनं टेबलावरचा चाबूक उचलला, मूठ आपल्या हातात ठेवली आणि दुसरं टोक शेठपुढं केलं.

काहीतरी पुढं आलं म्हणताच शेठनी टोक धरलं. कॅमेऱ्याकडं बघितलं आणि हसले.

गोटीरामनं काचेत बघितलं. बाईचे डोळे थेट त्याच्यावर होते. या वेळी पाखऱ्यासुद्धा हलला नाही. त्यानं बटण दाबलं.

“मिळाला!” गर्दीतून म्हातारा मंगळू टांगेवाला ओरडला. “काळूचा नंबर वहिनीला मिळाला रे!” टांगेवाल्यांनी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी घातली. शेठनी आपल्या हाताकडं बघितलं आणि विंचू धरल्यागत टोक सोडून दिलं.

“ए, हा नको! दुसरा काढ. मशीनचा काढ!”

गोटीरामनं पिशवी खांद्याला अडकवली. आतला कोरा रोल त्याच्या कोपराला लागला.

“रोल संपला, शेठ.”

“अरे, मग पेपरात काय देणार?”

“आहे तोच. छान हसलात तुम्ही.”

वाळूनं टोपी काढून खिशात कोंबली. झुंबरबाई तोवर टांग्यावर चढली होती. लगाम तिनं बरोबर धरला.

“भाऊ, पंचवटीला जायचंय ना? या, बसा. म्होरं बसा माझ्याजवळ.”

गोटीराम पिशवी सांभाळत चढला. तेवढ्यात शेठचा आवाज आला, “अहो बाई, मशीन राहिलं!”

झुंबरबाईनं मागच्या रिकाम्या बैठकीकडं बघितलं, मग पाखऱ्याच्या पाठीकडं.

“टाका मागं,” ती म्हणाली. “म्होरं आम्ही दोघं बसलोय, घोड्याच्या पाठीवर भार येतो. मागं कायतरी वजन पायजेच.”