हातभर फीत

कॅसेट उघडताच दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. मुखवटा घालून सुरे खुपसणाऱ्या खुन्याचा तो सिनेमा. वर्षानुवर्षं त्याचं वेड मात्र झुरळालाही घाबरणाऱ्या मास्तरांना. "मास्तर, बाकी फीत नव्यासारखी आहे. ही हातभर जागाच झिजून तुटलीय. हा खून एवढा आवडतो?" "खुनापर्यंत मी जातच नाही. त्याआधीच मागे घेतो." वेड्यांच्या नादी कोण लागणार? त्याने झिजलेला तुकडा कापून कचऱ्याच्या टोपलीत टाकला, टोकं चिकटवली आणि कॅसेट लावून दाखवली. दारावर थाप पडली, आणि लगेच उंबऱ्यात मोलकरणीचं प्रेत. "बघा, गोष्ट कुठेही अडली नाही." मास्तर पडद्याकडे बघतच राहिले. "थाप ऐकून ती हसत दार उघडायला यायची. माझ्या आईला सिनेमात तेवढंच काम मिळालं होतं. तिचा एक फोटोही नाही घरात." मग कॅसेट तिथेच सोडून ते टोपली उपसू लागले.