आयतं मीठ

रविवारी सकाळी दिग्विजयने घरीच बनवलेला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू केला आणि कपाळाला हात लावला. गाणं अजून जोडलंच नव्हतं, तरी कानात घुंगरं वाजत होती आणि मागून कुणीतरी बैल हाकत होतं, "हिर्रऽ, चल रं!"

कुठलं तरी रेडिओ केंद्र घुसलं असणार. त्याने वायरी बदलल्या, सगळं सोल्डरिंग नव्याने केलं. आवाज हटेना. शेवटी अर्थिंगची वायर सोडली, तर एकदम चिडीचूप. जोडली, की बैल पुन्हा चालू लागला.

अर्थिंग कुठे केलंय हे विचारायला तो खाली घरमालकांकडे गेला. भिवाजीअण्णा हसले.

"घरामागं. वायरमन म्हनला, खड्ड्यात मीठ लागतं. तितं आमी आमचा सर्जा बैल पुरला व्हता, पोतंभर मीठ घालून. म्हटलं, आयतं मीठ हाय, ठोक तितंच."

दिग्विजयने वर जाऊन यंत्र खाली आणलं, त्यांच्याच सॉकेटला जोडलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला.

अण्णांचं हसू मावळलं. "सर्जाचीच घुंगरं," ते पुटपुटले.

"आणि हाकणारा कोण, अण्णा?"

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग एका हाताने त्यांनी आपलाच दुसरा हात चाचपून पाहिला.

"आवाज माझा हाय," ते म्हणाले. "मी तितं हाय, तर मग हितं कोन बसलंय?"