रांजण कोण भरतं?

हन्नाबाईंचा पाय मोडल्यापासून दारातला रांजण रोज पहाटे कुणीतरी भरून ठेवत होतं. त्यांनी शेजारणींना, पाळकसाहेबांनाही विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

न राहवून एके पहाटे त्या खिडकीशी बसल्या. कळशी घेऊन आली ती सलोमी! ‘आवाज चिरका’ म्हणत हन्नाबाईंनीच तिला चर्चच्या गायनातून काढलं होतं. सात वर्षं दोघींत बोलणं नव्हतं.

“तू? सांगितलं का नाहीस?”

“कळलं असतं, तर तुम्ही पाणी ओतून टाकलं असतं.”

“टाकलं असतं खरं.” हन्नाबाईंनी कुबडी टेकत दार उघडलं. “कळशी खाली ठेव. आधी मला माफ कर.”

सलोमीने कळशी टेकवली. “पहिले आठ दिवस प्रभूची आज्ञा म्हणून, रागातच भरलं, बाई. मग राग कधी गेला, मलाच कळलं नाही.”