आवाज दुइलिओचा

तुमचा विश्वास बसणार नाही, पण सहासष्ट साली हेरपटांची टर उडवणाऱ्या एका सिनेमाचा नायक मी होतो. लिपस्टिकमधून तोफ डागायचो! तेव्हा रोममध्ये आवाज मागाहून भरत, तोही दुसऱ्याचा. माझ्या तोंडी माझा जिगरी दोस्त दुइलिओ बोलला. या कॅफेची मालकीण मिरेला आहे ना, तिचं-माझं लग्न ठरलं होतं. पहिल्या खेळाला तिनं तो आवाज ऐकला आणि मला सोडून त्याच्याशीच लग्न लावलं. दोघांनी मिळून गळा कापला माझा!

"खोटारड्या ओत्ताविओ!" कॉफी गाळता गाळता मिरेला कडाडली. "शूटिंगभर तू त्या नटीच्या घरी पडलेला असायचास. तेव्हा 'सर्दी झालीय गं' म्हणत तुझ्या नावानं मला रोज फोन कोण करायचं? थिएटरात तोच आवाज ओळखला मी!"