म्हशीची पाठ

"काका, हात नका लावू, रंग ओला आहे," माळी म्हणाला.

विद्यापीठात उद्या तपासणी समिती येणार होती. झाडांच्या बुंध्यांना गेरू लावून झाला होता आणि आवारातल्या शिल्पांना सोनेरी ऑइलपेंट. माझ्या मुलीची भाजल्या मातीची म्हैसही सुटली नव्हती.

शेवटच्या वर्षाला तिनं ती घडवली आणि त्याच उन्हाळ्यात कावीळ होऊन पोर गेली. म्हशीच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. दरवर्षी येऊन मी त्यात माझा अंगठा ठेवायचो.

आज तो रंगानं बुजला होता.

"दोन हात दिलेत. झाली की नाही चकाचक?"

"झाली," मी म्हणालो आणि सवयीनं तिथंच अंगठा टेकवला.

"काका, सांगितलं ना!" म्हणत त्यानं माझ्या ठशावरून पुन्हा ब्रश फिरवला.