तेवीस बरे झालेले पाय

तिसऱ्या रुग्णालयाचा फोटो पडद्यावर आला आणि रसिकाला किळस आली. चकचकीत बेसिन, हसऱ्या परिचारिका, फेसाने माखलेले हात. त्या बेसिनच्या नळाला मे महिन्यापासून पाणी नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिची मावसबहीण तिथेच नोकरीला होती. फोटोपुरता फेस बाटलीतल्या पाण्याने काढला होता. आणि कुडाळच्या त्या हॉलमध्ये त्यालाच टाळ्या पडत होत्या.

प्रशिक्षणाचा आज शेवटचा दिवस. जिल्ह्यातलं प्रत्येक रुग्णालय आपलं काम दाखवणार होतं आणि त्यातून पहिला नंबर निघणार होता. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या भक्ती मॅडमनी याच हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, “किती उपचार केले ते मोजू नका. माणूस किती बरा झाला ते मोजा.” रसिकाला ते मनापासून पटलं होतं. बाकीच्यांनी काय केलं ते आज दिसत होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. एकांनी तर रुग्णांच्या समाधानाचे शंभर अर्ज आणले होते आणि शंभरही एकाच हिरव्या पेनाने भरलेले. चहाच्या वेळी हीच मंडळी काजूकतली तोंडात टाकत एकमेकांची पाठ थोपटत होती. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे, असं तिच्या मनात आलं. तिने चहाचा कप तसाच ठेवून दिला.

तीही परिचारिकाच, पण तिचं काम तसं नव्हतं. मधुमेहामुळे पायाला जखमा झालेले तेवीस रुग्ण तिच्या यादीत होते. पूर्वी दर गुरुवारी रुग्णालयाची गाडी घेऊन ती त्यांच्या घरी जायची आणि स्वतः ड्रेसिंग करायची. जूनमध्ये तिच्या रुग्णालयाचे प्रमुख, डॉक्टर कौस्तुभ, यांनी गाडी बंद केली. रुग्णांनी जवळच्या उपकेंद्रात ड्रेसिंग करून घ्यायचं आणि रसिकाने महिन्यातून एकदा फोन करायचा. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर प्रश्न एकच: ड्रेसिंग चालू आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं, की पुढे ‘बरा’ असं लिहायचं. एकही फोन तिने चुकवला नव्हता, एकही उत्तर मनाने लिहिलं नव्हतं. तेवीसच्या तेवीस कार्डांवर आता ‘बरा’ होतं. आज पहिला नंबर आला, तर पुढच्या महिन्यापासून जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या बंद होऊन हीच पद्धत लागू होणार होती. रसिकाला तो नंबर हवाच होता. या खोट्यांच्या बाजारात एकदा तरी खरं काम जिंकायला नको?

प्रत्येकाने एक बरा झालेला रुग्ण बोलायला आणायचा, असा भक्ती मॅडमचा नियम होता. रसिकाने आपल्या यादीतल्या, देवगडकडच्या तुळसाला फोन केला होता. उभा जन्म मासे विकण्यात गेलेली ती म्हातारी रसिकावर जीव टाकायची. “येतलंय गो,” ती लगेच म्हणाली होती. “तू बोलयलंस तर येवकच व्हया.”

रसिका लॅपटॉपशी झटत होती, तेव्हा तुळसाच्या पुतण्याने, महादूने, तिला बाजूच्या दाराने आणून स्टेजवरच्या टेबलामागे बसवलं. टेबलावरचं निळं कापड जमिनीपर्यंत पोचलेलं. रसिकाने लांबूनच हात केला. म्हातारी बोळक्या तोंडाने हसली.

सादरीकरण झकास झालं. तेवीसपैकी तेवीस बरे. निकाल देणारे जिल्ह्याचे मोठे साहेबसुद्धा खुर्चीत पुढे सरकून बसले. भक्ती मॅडमनी माईक तुळसापुढे धरला.

“मावशी, आता ड्रेसिंग करावं लागत नाही ना?”

“नाय, बाय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर कौस्तुभ उठून चारी बाजूंना नमस्कार करू लागले.

“या, उभ्या राहा,” भक्ती मॅडम म्हणाल्या. “सगळे मिळून एक फोटो काढू.”

तुळसा गोंधळली. तिने मॅडमकडे पाहिलं, मग रसिकाकडे.

“उभी कशी रवू? पाय कापलो न्हय माजो. उपकेंद्रात जावक माका कोण नेतलो? पाय काळो पडलो, तेवा महादून गोव्याक नेल्यान. गणपतीआधी कापलो. आता खंयचा ड्रेसिंग?”

माईक चालूच होता.

“तुळसाबाय,” रसिका टेबलाशी आली. “फोनवर का नाय सांगितलास?”

“तू ड्रेसिंगचाच इचारलंस गो.” म्हातारीच्या बोलण्यात राग नव्हता. “आणि आज बोलयलंस, तर माका वाटला, नवो पाय देतल्यात.”

डॉक्टर कौस्तुभ रसिकाच्या कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला काजूकतलीचा गोडसर वास येत होता. “घाबरू नकोस. ही एक केस वजा करू. बावीस म्हणजेसुद्धा पंच्याण्णव टक्के. नंबर आपलाच आहे. पटकन स्लाइड बदल.”

रसिकाला डॉक्टरांची किळस आली. मग त्या तेवीस कार्डांची आली, त्यावरच्या आपल्या वळणदार अक्षराची आली. नळाला पाणी नाही हे त्या फोटोतल्या बायकांना निदान माहीत तरी होतं.

तिने स्लाइड बदलली नाही. तुळसापुढचा माईक घेतला आणि मोठ्या साहेबांकडे पाहून म्हणाली,

“तेवीस जणांना मी फोन केलेत, साहेब. जूनपासून पाय एकाचाही बघितलेला नाही.”